चिपाड आणि प्लॅस्टिकचं जमवायचं कसं?

उसाच्या चिपाडातले धागे पॉलिप्रॉपिलीनमध्ये मिसळून केलेली पट्टी मोडा आणि मोडलेली कड भिंगाखाली धरा. आधी नजरेत भरतात ती भोकं. आतून गुळगुळीत, कडा स्वच्छ. समोरच्या तुकड्यावर त्याच भोकांतून निसटलेले धागे मोकळे उभे असतात आणि त्यांच्या अंगाला प्लॅस्टिकचा कणही लागलेला नसतो. पट्टी मोडली, पण धागा तुटलाच नाही. तो नुसता सुटून आला. त्याच्यात जी काही ताकद होती, ती कामी आली नाही.

आता हेच चिपाड आधी सौम्य कॉस्टिकमध्ये, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात भिजवून, धुऊन, कोरडं करून घ्या, प्लॅस्टिकमध्येही थोडं जोडद्रव्य मिसळा आणि दुसरी पट्टी ओता. ती मोडली की भोकं कमी दिसतात. बरेचसे धागे प्लॅस्टिकच्या पृष्ठभागालगतच तुटलेले असतात आणि जे थोडे बाहेर आलेत त्यांच्या अंगाला प्लॅस्टिकच्या चिंध्या चिकटलेल्या असतात. धागा तोच, प्लॅस्टिक तेच. फरक पडला तो दोघांच्या मधल्या सांध्यात.

पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत केळीच्या, काथ्याच्या नाहीतर चिपाडाच्या धाग्यांचं कॉम्पोझिट प्रोजेक्टला घेणारी मुलं नेहमी भेटतात. त्यांच्या अहवालात एक ओळ हमखास असते: धागे पाच टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये (म्हणजे कॉस्टिकमध्येच) चार तास बुडवले. पाचच टक्के का, चारच तास का आणि ते उरलेलं पाणी कुठे गेलं, याबद्दल मात्र पुढे काही नसतं. मला ही ओळ फार महत्त्वाची वाटते, कारण सगळा विषय तिच्यातच आहे.

कॉम्पोझिट आपल्याला नवीन नाही. गणपती मंडळांच्या देखाव्यातले फायबरचे पुतळे म्हणजे कॉम्पोझिटच. साच्यावर काचेच्या तंतूंची मॅट अंथरायची, हार्डनर घातलेलं रेझिन, म्हणजे नंतर घट्ट होणारा चिकट द्रव, ब्रशने त्यात मुरवायचं, वर पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. रेझिन आकार देतं आणि तंतू भार पेलतात. त्या कारखान्यांतल्या कारागिरांना विचारलं तर काचेचा त्रास ते लगेच सांगतील: घासकाम करताना अंगाला सुटणारी खाज आणि श्वासात जाणारी धूळ. शिवाय काचेचे तंतू बनवायला चौदाशे-पंधराशे अंश सेल्सिअसला काच वितळवावी लागते, आणि ते जडही असतात. काचतंतूची घनता घन सेंटिमीटरला साधारण २.५ ग्रॅम, वनस्पतींच्या धाग्यांची १.२ ते १.५. मोटारीच्या दाराच्या आतल्या पॅनेलसारख्या भागात, जिथे ताकदीपेक्षा वजन आणि किंमत महत्त्वाची, तिथे वनस्पतीचा धागा विचारात घ्यावाच लागतो. युरोपातल्या मोटारींत जवस, भांग आणि अंबाडीचे धागे १९९० च्या दशकापासून अशा पॅनेलमध्ये जातात. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात असेच भाग रोज साच्यातून निघतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्यासाठी लांबचा नाही.

पण ताकदीच्या बाबतीत भाबडेपणा नको. काथ्याच्या धाग्याची ताणशक्ती काचतंतूच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच भरते. चिपाडाचा धागा आखूड, जाडीला असमान, आणि एकाच उसाच्या सालीकडचा व गाभ्याकडचा यांतही फरक. अशा धाग्याकडून काम करून घ्यायचं तर त्याची आहे ती ताकद वाया जाता कामा नये. म्हणूनच सांध्याला एवढं महत्त्व.

हा सांधा मुळात का जमत नाही, ते बघू. वनस्पतीचा धागा आतून एकसंध नसतो. भार पेलणारा भाग म्हणजे सेल्युलोज: ग्लुकोजची कडी एकापुढे एक जोडून झालेल्या लांबलचक साखळ्या, एकमेकींना समांतर, घट्ट बांधलेल्या. या साखळ्यांच्या जुड्यांभोवती हेमिसेल्युलोज असतं. त्याच्या साखळ्या आखूड, फाटे फुटलेल्या, आणि पाणी ओढून घेण्यात ते सगळ्यांच्या पुढे. या सगळ्याला बांधून ठेवणारं तपकिरी, टणक लिग्निन. वरून पेक्टिन आणि मेणाचा पातळ लेप. काथ्यात लिग्निन ४० टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून तो लवकर कुजत नाही. केळीच्या धाग्यात सेल्युलोजच ६० टक्क्यांच्या घरात, त्यामुळे तो अधिक ताठ.

सेल्युलोजच्या प्रत्येक कडीवर तीन हायड्रॉक्सिल गट असतात, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी. पाण्याच्या रेणूला अशी जोडी दिसली की तो तिला बिलगतो. म्हणून कोरडा वाटणारा धागाही साध्या हवेत आपल्या वजनाच्या ८ ते १२ टक्के पाणी धरून बसलेला असतो. उलट पॉलिप्रॉपिलीन, कारखान्याच्या भाषेत पीपी, म्हणजे नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या. पाण्याला धरून ठेवणारं त्यात काहीच नाही. वितळलेलं पीपी धाग्याला भेटतं तेव्हा ते त्याच्यावर पसरत नाही, त्याच्या खाचाखोचांत शिरत नाही, नुसतं भोवती थिजतं. वर धाग्यावरचं मेण मध्ये आडवं. साच्याच्या उष्णतेने धाग्यातल्या पाण्याची वाफ झाली की बुडबुड्यांची आणखी भर. भिंगाखाली दिसलेली ती गुळगुळीत भोकं यातूनच आली.

कॉस्टिक इथे दोन कामं करतं. एक, मेण, पेक्टिन, हेमिसेल्युलोज आणि थोडं लिग्निन विरघळवून काढतं. दोन, त्यामुळे धाग्यांची जुडी सुटते, एका जाड धाग्याचे अनेक बारीक तंतू होतात आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. काँक्रीटच्या खांबावर गिलावा करण्याआधी गवंडी छिन्नीने टाचे मारून घेतो, तेच काम इथे रसायन करतं. प्लॅस्टिकला पकड घ्यायला जागा मिळते आणि चिकटायला क्षेत्रफळही वाढतं.

कॉस्टिकचा सेल्युलोजवरचा हा परिणाम पहिल्यांदा कापडात दिसला. १८४४ मध्ये लँकेशायरमधले कापडछपाईतले रसायनज्ञ जॉन मर्सर दाट कॉस्टिक सुती कापडातून गाळत होते. कापड आटलं, जाड झालं आणि रंग जास्त धरू लागलं. १८५० मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो यांनी हीच क्रिया कापड ताणून धरून केली, तेव्हा त्याला चकाकी आली. आज दुकानात मर्सराइज्ड कॉटन म्हणून जे मिळतं त्याचं मूळ हे. दाट कॉस्टिकमध्ये सेल्युलोजच्या साखळ्यांची मांडणीच बदलते. कॉम्पोझिटसाठी एवढ्या टोकाला जायची गरज नसते. तिथे ते मुख्यतः साफसफाईचं काम करतं, आणि त्याला पातळ द्रावण पुरतं.

आता चिपाडाकडे जवळून बघू. रसवंतीच्या चरकातून निघालेलं ताजं चिपाड हातात घ्या. बाहेरची साल चिवट, तिच्यातून लांब पट्ट्या निघतात. आतला भाग पांढरा, भुसभुशीत, चोळला की चुरा होतो. या भुशात भार पेलणारं फारसं काही नाही. उलट तो प्रचंड पाणी आणि कॉस्टिक पितो. त्यामुळे पहिलं काम म्हणजे चाळून, घासून हा भुसा वेगळा करायचा. दुसरं काम साखर घालवायची. रसवंतीच्या चिपाडात ती बरीच राहते, साखर कारखान्याच्या चिपाडात, म्हणजे बगॅसमध्ये, कमी, पण राहते. धागा आंबतो, साच्यात करपतो, काळा पडतो, त्यामागे पुष्कळदा ही उरलेली साखर असते. गरम पाण्याने दोन-तीनदा धुतलं तर ती जाते आणि पुढे कॉस्टिकही कमी लागतं. ही पायरी गाळली जाते याचं मला नेहमी वाईट वाटतं, कारण तिला खर्च जवळपास काहीच नाही.

मग कॉस्टिक. प्रयोगशाळेतली रीत अशी: लिटरभर पाण्याला २० ते ५० ग्रॅम कॉस्टिकचे फ्लेक्स, त्यात धागे, साध्या तापमानाला काही तास. फ्लेक्स पाण्यात थोडे थोडे सोडायचे. फ्लेक्सवर पाणी कधीच ओतायचं नाही, कारण विरघळताना एवढी उष्णता निघते की पाणी उकळून अंगावर येऊ शकतं. हातमोजे आणि चष्मा लागतातच. भांडं स्टीलचं किंवा प्लॅस्टिकचं घ्यावं. ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं तर कॉस्टिक त्यालाच खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. थोड्याच वेळात पाणी पिवळं आणि मग गडद तपकिरी होतं. तो रंग विरघळलेल्या लिग्निनचा.

इथे थांबायचं कधी हे कळणं महत्त्वाचं. द्रावण दाट केलं, तास वाढवले किंवा उकळलं, तर हेमिसेल्युलोज आणि लिग्निन संपल्यावर सेल्युलोजच्या साखळ्याही तुटायला लागतात. धागा मऊ आणि पांढरट दिसतो, छान वाटतो, पण ताणला की पटकन तुटतो. त्यामुळे एका पिकासाठी चालणारं प्रमाण दुसऱ्याला लावता येत नाही. लिग्निन भरपूर असलेला काथ्या जास्त सोसतो, केळीचा धागा कमी. पाच टक्के हा काही शास्त्रातला नियम नाही. दोन, चार, सहा अशी द्रावणं करून प्रत्येकातला धागा वेगळा ताणून बघितल्याशिवाय आपल्या धाग्याचं उत्तर मिळत नाही.

नंतर धुणं, शेवटच्या पाण्यात थोडं असेटिक आम्ल घालून उरलेला क्षार निवळवणं, पुन्हा धुणं, आणि ६० ते ८० अंशांना ओव्हनमध्ये कोरडं करणं. कोरडं करून उघड्यावर ठेवलेला धागा जुलैतल्या पुण्यात पाहता पाहता पुन्हा पाणी धरतो. ओव्हनमधून काढला की हवाबंद पिशवीत, किंवा थेट मशीनला.

पण कॉस्टिकने धागा खडबडीत झाला तरी त्याची पाण्याची ओढ जात नाही. हायड्रॉक्सिल गट तिथेच आहेत, उलट मेण गेल्यावर अधिकच उघडे पडले. म्हणून पुढची पायरी येते ती रासायनिक जोडणीची. यात तीन मार्ग जास्त चालतात.

सिलेन हा दोन तोंडांचा रेणू. पाणी-अल्कोहोलच्या मिश्रणात त्याचं एक टोक जागं होतं आणि धाग्याच्या हायड्रॉक्सिल गटाशी जुळतं. दुसरं टोक रेझिनप्रमाणे निवडायचं: इपॉक्सीसाठी अमिनो, पॉलिएस्टरसाठी व्हिनिल. काचतंतूंसाठी हे तंत्र गेल्या शतकाच्या मध्यापासून वापरात आहे, तिथूनच ते वनस्पतींच्या धाग्यांकडे आलं. काम चोख करतं, पण महाग पडतं आणि पुन्हा एकदा ओलं करून सुकवण्याचा व्याप वाढतो. दुसरा मार्ग असेटिक अनहायड्राइडचा. यात हायड्रॉक्सिलच्या जागी असेटिल गट बसतो आणि धागा पाणी कमी ओढतो. लाकूड टिकाऊ करण्यासाठी ही प्रक्रिया व्यापारी पातळीवर चालते. चिपाडासारख्या स्वस्त मालाला तो खर्च झेपेल असं मला वाटत नाही.

तिसरा मार्ग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. यात धाग्याला हातच लावायचा नाही, प्लॅस्टिकलाच बदलायचं. पीपीच्या साखळीवर मॅलेइक अनहायड्राइड नावाचा छोटा रेणू आधीच कलम केलेला दाणा बाजारात मिळतो. सुरुवातीला म्हटलेलं जोडद्रव्य ते हेच. नेहमीच्या पीपीच्या दाण्यात तो वजनाने दोन ते पाच टक्के मिसळायचा आणि धाग्यांबरोबर एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून मिसळणाऱ्या यंत्रात, सोडायचा. उष्णतेत मॅलेइकचा भाग धाग्याच्या हायड्रॉक्सिलला पक्का बांधला जातो आणि त्याची पीपीची लांब शेपटी भोवतालच्या पीपीत गुंतून बसते. वेगळी टाकी नाही, धुणं नाही, सांडपाणी नाही. म्हणूनच उद्योगाने हा मार्ग धरला.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. सांधा घट्ट झाला की ताणशक्ती आणि वाकवण्याची ताकद वाढते, पण आघात सोसण्याची क्षमता कधी कधी कमी होते. धागा प्लॅस्टिकमधून घासत बाहेर येताना आघाताची ऊर्जा खर्च होत असते. तो बाहेर येणंच थांबलं की भाग ठिसूळ वागू शकतो. त्यामुळे फक्त ताणाची चाचणी करून आनंद मानू नये. आघाताची चाचणी सोबत हवीच.

आता सांडपाण्याचा हिशोब. प्रोजेक्टच्या अहवालात तो नसतो आणि तोच मला सगळ्यात जास्त खटकतो. एक किलो धाग्याला २० लिटर पाणी, लिटरला ५० ग्रॅम कॉस्टिक. म्हणजे एक किलो धाग्यामागे एक किलो कॉस्टिक. ते सगळं खर्चही होत नाही, बरंचसं पाण्यातच राहतं. ते पूर्ण निवळवायचं तर दीड किलो असेटिक आम्ल लागतं. नुसत्या पाण्याने पातळ करू म्हटलं तर पीएचची एक पायरी म्हणजे दहा पट: १४ वरून ८ वर यायला हिशोबाने दहा लाख पट पाणी. आपल्याकडे सांडपाणी सोडताना पीएच ५.५ ते ९ मध्ये असावा लागतो, आणि पीएच जमला तरी विरघळलेलं लिग्निन आणि हेमिसेल्युलोज पाण्यातला प्राणवायू संपवतंच. आधीच मुळा-मुठेत आपण काय काय सोडतो ते पुणेकरांना सांगायला नको. पर्यावरणासाठी म्हणून केलेल्या वस्तूने नदीत भर घालावी, हे मला मान्य नाही.

यावर उपाय आहेत. द्रावण एकदा वापरून फेकायचं नाही. मोजून, कमी पडलेलं कॉस्टिक घालून पुढच्या घाण्याला वापरायचं. २० लिटरऐवजी धागा जेमतेम बुडेल एवढंच पाणी घ्यायचं. धुण्याचं पाणी उलटं फिरवायचं, म्हणजे शेवटच्या धुण्याचं स्वच्छसं पाणी पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला. कागद कारखाने असं काळं पाणी आटवून, जाळून त्यातला क्षार परत मिळवतात, पण ती यंत्रणा छोट्या उद्योगाला परवडणारी नाही. म्हणून पाच टक्के कॉस्टिक आणि वर सिलेन करण्यापेक्षा गरम पाण्याचं धुणं, फार तर दोन टक्के कॉस्टिक आणि मॅलेइकचा दाणा, यातून काय मिळतं ते आधी बघावं. त्याने काम भागत असेल तर पुढे जायचं कारण नाही.

आणि चिपाड खरंच टाकाऊ आहे का? एक टन ऊस गाळला की साधारण ३०० किलो बगॅस निघतो, त्यात निम्मं पाणी. पण दौंड, बारामती, इंदापूरकडचे साखर कारखाने तो बॉयलरला घालतात, त्यावर कारखाना चालतो आणि उरलेली वीज विकली जाते. म्हणजे या धाग्याची किंमत ठरते ती त्याच्या जळणमूल्यावर. रसवंत्यांचं चिपाड मात्र खरोखर कचऱ्यात जातं, पण ते गोळा करणं हेच मोठं काम. पाचटाचं म्हणाल तर ते जाळण्यापेक्षा शेतात कुजवणंच मातीला हिताचं. त्याला कारखान्यात आणू नये.

मला जास्त आशा वाटते ती केळीची. केळीचं झाड एकदाच घड देतं आणि मग तोडावं लागतं. रावेर-यावलकडे अशी खोडं बांधावर पडलेली दिसतात. खोडात ९० टक्क्यांहून जास्त पाणी, त्यामुळे खोड वाहून आणण्यात अर्थ नाही. धागा काढायचं यंत्र शेताजवळ हवं, तिथेच धागा वाळवायचा आणि कोरड्या गाठी पुण्याला आणायच्या. खोडाचं पाणी आणि गर तिथेच खताला जातो.

साच्यावरही मर्यादा आहेत. वनस्पतीचा धागा २०० अंशांच्या आसपास करपू लागतो. पीपी १६५ च्या सुमाराला वितळतं, म्हणून ते जमतं. नायलॉन-६ ला २२० लागतात, तिथे हा धागा टिकवणं कठीण. शिवाय मोटारीच्या आत जाणाऱ्या भागाला आग कशी पसरते याची आणि उन्हात बंद गाडीत वास येतो का याचीही परीक्षा द्यावी लागते. नीट न धुतलेला केळीचा धागा वासातच नापास होतो. पुण्यात वाहनांच्या चाचणीसाठी एआरएआयसारखी संस्था आहे, पॉलिमरच्या अभ्यासासाठी पाषाणला एनसीएल आहे. प्रश्न विचारायला माणसं इथेच आहेत.

रेझिन निवडताना आणखी एक विचार करावा लागतो. पूर्व जर्मनीत १९५७ ते १९९१ या काळात ट्राबांट नावाची मोटार बनत होती. तिच्या बॉडीचे पत्रे धातूचे नव्हते. कापसाच्या टाकाऊ धाग्यात फेनॉलिक रेझिन मुरवून दाबलेले होते. गंजत नव्हते, हलके होते. पण गाड्या भंगारात निघाल्या तेव्हा त्या पत्र्यांचं करायचं काय हा प्रश्न पडला, कारण एकदा पक्कं झालेलं असं रेझिन पुन्हा वितळत नाही. इपॉक्सी आणि पॉलिएस्टरचंही तसंच. प्रोजेक्टला इपॉक्सी सोयीचं पडतं, साच्यात हाताने ओतता येतं, मशीन लागत नाही; म्हणून बहुतेक मुलं तेच घेतात. पण चिपाडाची किंवा केळीची वस्तू बाजारात न्यायची असेल तर सुरुवातीपासून पीपीवर काम करा. बिघडलेला भाग दळून पुन्हा साच्यात घालता येतो. प्रत्येक फेरीत धागा आखूड होतो आणि ताकद थोडी उतरते, त्यामुळे दळलेला माल नव्या मालात किती चालतो हे मोजून ठरवावं लागेल.